श्वानदृष्टी आणि चित्रदृष्टी

१

पाळीव कुत्रा हा चित्रपटाचा जवळजवळ त्याच्या बाल्यावस्थेपासूनचा सोबती आहे. १९०५ साली सेसिल हेपवर्थ याने इंग्लंडमध्ये काढलेल्या ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ या अवघ्या सहा-सात मिनिटांच्या चित्रपटात हेपवर्थच्याच घरचा ब्लेअर नावाचा कुत्रा पळवून नेलेल्या तान्ह्या मुलाचा माग काढतो आणि धन्याला त्याच्यापर्यंत घेऊन जातो. हा चित्रपट इतका लोकप्रिय झाला की प्रती काढता काढता मूळ फीत झिजली आणि तो आणखी दोनदा नव्याने चित्रित करावा लागला. परंतु या चित्रपटात आपण कुत्र्याकडे पाहतो. कुत्र्याच्या जागी उभे राहून जगाकडे पाहत नाही.

हे दुसरे काम अलीकडे बेन लिऑनबर्ग या अमेरिकन दिग्दर्शकाने आपल्या ‘गुड बॉय’ या भयचित्रपटात हेतुपूर्वक हाती घेतले. २०२५ साली प्रदर्शित झालेल्या या सुमारे सव्वा तासाच्या चित्रपटाचा नायक इंडी नावाचा कुत्रा असून तो प्रत्यक्षातही दिग्दर्शकाच्याच घरचा आहे. तो बोलत नाही. त्याच्या मनातील विचार निवेदकाच्या मुखाने आपणांस सांगितले जात नाहीत. कॅमेरा बहुतेक वेळ जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर राहतो आणि माणसांचे चेहरे बहुधा चौकटीबाहेर, पाठमोरे किंवा अंधारात असतात. चित्रीकरण सुमारे तीन वर्षे रेंगाळले, कारण नटाला संहिता वाचून दाखवता येत नव्हती.

अशा प्रयत्नांचे मोल कोणत्या कसोटीवर ठरवावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. ‘कुत्र्याच्या नजरेतून जग दाखविले’ असे आपण सहज म्हणून जातो. पण त्या म्हणण्यात तीन भिन्न गोष्टी एकत्र झालेल्या असतात. कुत्र्याच्या डोळ्यांना काय दिसते, ही एक. त्याचे लक्ष कशाकडे लागलेले असते, ही दुसरी. आणि त्याला काय वाटते, ही तिसरी. यांना आपण अनुक्रमे दृष्टी, अवधान आणि भाव म्हणू. या तिहींपैकी चित्रपटाला खरोखर हाती धरता येते ते अवधान, असे आमचे मत आहे. दृष्टीचे अनुकरण निष्फळ ठरते आणि भाव हा बव्हंशी आपणच उसना दिलेला असतो.

२

प्रथम दृष्टीचा विचार करू. डोळ्यांचे अनुकरण हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत मोहक मार्ग होय. लासे हालस्ट्रॉम याच्या २००९ सालच्या ‘हाची’ या चित्रपटात कुत्र्याच्या नजरेतील दृश्ये रंग उतरवून दाखविली आहेत. कुत्र्याला जग कृष्णधवल दिसते या जुन्या समजुतीवर ही योजना आधारलेली आहे. ती समजूत चुकीची आहे. कुत्र्याच्या नेत्रपटलात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोन प्रकारच्या असतात, हे १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी स्पष्ट केले. त्याला निळा आणि पिवळा यांतील भेद कळतो. तांबडा आणि हिरवा यांत त्याची गफलत होते. त्याची नजर आपल्यापेक्षा अस्पष्ट असली तरी तिचा आडवा विस्तार आपल्याहून मोठा असतो, आणि मंद प्रकाशात त्याला आपल्यापेक्षा चांगले दिसते.

मग हे सारे शोध जमेस धरून एखाद्याने शास्त्रशुद्ध ‘श्वानचित्र’ तयार केले तर? तसे करणे तंत्रदृष्ट्या कठीण नाही. परंतु त्यातून प्रेक्षकाला जे मिळेल ते कुत्र्याचे जग नसून माणसाचे बिघडलेले जग असेल. कुत्र्याला आपले जग फिकट किंवा अस्पष्ट वाटत नाही; त्याला ते पुरेपूरच वाटत असले पाहिजे. उणीव जाणवते ती अधिक पाहण्याची सवय असलेल्या आपणांस. म्हणजे डोळ्यांचे अनुकरण जितके काटेकोर, तितका अनुभव मूळापासून दूर, असा हा विपर्यास आहे.

माणसाच्या बाबतीतही हा मार्ग फलदायी ठरलेला नाही. रॉबर्ट मंगमरी याने १९४७ साली ‘लेडी इन द लेक’ हा चित्रपट जवळजवळ संपूर्णपणे नायकाच्या डोळ्यांच्या जागी कॅमेरा ठेवून चित्रित केला. नायक दिसतो तो मुख्यतः आरशात. परिणाम असा झाला की प्रेक्षक नायकाशी एकरूप होण्याऐवजी त्याच्यापासून दुरावला, कारण ज्याचा चेहराच दिसत नाही त्याचे मन वाचण्याची सोय उरत नाही. दुसऱ्याच्या ठिकाणी जाण्यासाठी तो दुसरा आपल्यासमोर असावा लागतो.

शिवाय कुत्र्याच्या अनुभवातील मोठा भाग डोळ्यांचा नव्हेच, तो नाकाचा आहे. तासाभरापूर्वी वाटेने कोण गेले, ते आत्ता त्याच्या समोर असते. आपल्याला जो भूतकाळ तो त्याला वर्तमानाचाच एक थर असतो. पडद्याला गंध नाही. तेव्हा दृष्टीच्या मार्गाने जाऊ पाहणारा चित्रपट ज्या दारातून आत शिरू इच्छितो ते दार मुळी त्या घराचे मुख्य दारच नव्हे.

३

येथे याकोब फॉन युक्स्क्यूल या जीवशास्त्रज्ञाचे विवेचन उपयोगी पडते. प्रत्येक प्राणी आपल्यापुरत्या अर्थपूर्ण खुणांनी बनलेल्या एका ‘स्वविश्वा’त राहतो, असा त्याचा सिद्धान्त होता. १९३४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात एकाच खोलीची तीन चित्रे दिलेली आहेत : एक माणसाच्या दृष्टीने, एक कुत्र्याच्या आणि एक माशीच्या. खोली तीच, सामान तेच. फरक आहे तो कोणत्या वस्तूला कोणता अर्थ आहे, एवढ्यापुरताच आणि तो वेगवेगळ्या रंगांनी दर्शविलेला आहे. माणसाच्या खोलीत पुस्तकांचे कपाट वाचण्यासाठी असते. कुत्र्याच्या खोलीत खुर्ची बसण्यासाठी आणि ताटली खाण्यासाठी उरते. पुस्तकांचे कपाट हा केवळ एक अडथळा होतो. माशीच्या खोलीत दिवा आणि मेजावरचे खाद्य यांपलीकडे फारसे काही उरत नाही.

या चित्रांचे वैशिष्ट्य असे की, कुत्र्याचे डोळे कसे आहेत हे दाखविण्याच्या भानगडीत ती पडत नाहीत. कुत्र्याच्या दृष्टीने काय महत्त्वाचे आहे एवढेच ती सांगतात. आमच्या परिभाषेत, ती दृष्टीची चित्रे नसून अवधानाची चित्रे आहेत.

याच संशोधकाने अंधांना वाट दाखविणाऱ्या कुत्र्यांच्या शिक्षणाचाही विचार केला होता. अशा कुत्र्याला स्वतःच्या दृष्टीने नगण्य असलेल्या वस्तूंची दखल घ्यावयास शिकवावे लागते. माणसाच्या डोक्याच्या उंचीवर उघडी असलेली खिडकी कुत्र्याला आडवी येत नाही. तो तिच्याखालून सहज जातो. पण त्याच्या मागून चालणारा अंध मनुष्य तिच्यावर आदळतो. तेव्हा कुत्र्याच्या विश्वात माणसाचे अडथळे आणून बसवावे लागतात. कुत्र्याच्या दृष्टिकोणातून चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाचे काम याच्या नेमके उलट आहे, असे म्हणता येईल. त्याला प्रेक्षकाच्या विश्वात कुत्र्याचे अडथळे आणून बसवावयाचे असतात. आपल्यासाठी मिटलेले दार म्हणजे हाताच्या एका हालचालीचे काम. कुत्र्यासाठी ती भिंत होय. हे दार ज्याला भिंतीसारखे जाणवू लागले, तो प्रेक्षक कुत्र्याच्या विश्वात काही पावले आत गेला. त्यासाठी रंग उतरविण्याची गरज नाही.

४

कॅमेरा खाली न आणताही हे साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे व्हित्तोरिओ दे सीका याचा १९५२ सालचा ‘उम्बेर्तो डी.’. निवृत्तिवेतनावर जगणारा, घरभाडे थकलेला वृद्ध उम्बेर्तो आणि त्याचा फ्लाइक नावाचा लहानसा कुत्रा यांची ही कथा. अखेरीस सर्व आशा सुटलेला म्हातारा कुत्र्याला उराशी धरून आगगाडीसमोर जाऊ पाहतो. गाडी धडधडत जवळ येते, कुत्रा घाबरून केकाटतो, त्याच्या हातातून निसटून पळतो, आणि त्याच्यामागे वळल्यामुळे म्हातारा वाचतो. पुढे जे घडते ते अधिक महत्त्वाचे. कुत्रा धन्याजवळ येत नाही. तो झाडाआड दडतो, अंतर राखतो. शेवटी म्हाताऱ्याला झाडाचे एक फळ हाती घेऊन खेळाच्या मिषाने त्याची मनधरणी करावी लागते.

या प्रसंगात कॅमेरा कुत्र्याच्या डोळ्यांच्या जागी नाही. तरीही क्षणभर आपण उम्बेर्तोला कुत्र्याच्या बाजूने पाहतो. मरण्याचे स्वातंत्र्य स्वतःचे म्हणून घेणाऱ्या माणसाने दुसऱ्या जिवाला त्याच्या संमतीवाचून त्यात ओढले होते, हा ठपका कोणीही उच्चारीत नाही. तो कुत्र्याच्या त्या दूर राहण्यात आहे. माणसाच्या दुःखाने भारून गेलेल्या प्रेक्षकाला त्या दुःखाबाहेरची एक जागा येथे मिळते. पाळीव प्राण्याचा दृष्टिकोण कलेत कशासाठी हवा, या प्रश्नाचे उत्तर आम्हांस येथे सापडते. माणसाला स्वतःकडे बाहेरून, पण परकेपणाने नव्हे, पाहता यावे यासाठी तो हवा.

५

आता ‘गुड बॉय’कडे वळू. कथानक साधे आहे. टॉड हा फुफ्फुसाच्या दुर्धर विकाराने आजारी असलेला तरुण आपल्या कुत्र्यासह आजोबांच्या रानातील ओसाड घरात राहावयास येतो. आजोबा तेथेच वारले आहेत. धन्याच्या आसपास काळोखी आकृती वावरत असल्याचे कुत्र्याला जाणवते. धन्याला काही दिसत नाही. त्याचा आजार वाढत जातो, तसा त्याचा स्वभाव कडवट होतो. तो कुत्र्यावर खेकसतो, त्याला घराबाहेर बांधून ठेवतो. शेवटी धनी वाचत नाही, कुत्रा वाचतो.

रात्री कुत्रा रडू लागला की त्याला यमदूत दिसले, असे आपल्याकडेही म्हणतात. त्या लोकसमजुतीचेच हे चित्ररूप आहे, असे म्हणून हा चित्रपट निकालात काढता येईल. पण त्याची खरी कर्तबगारी भुताटकीत नसून अवधानाच्या फेरवाटणीत आहे. आजाराचे नाव, डॉक्टरांचे मत, बहिणीची काळजी, म्हणजे माणसाच्या दृष्टीने जी मुख्य कथा, ती येथे फोनवरील तुटक संभाषणांतून अर्धवट कानावर पडते. उलट धन्याचे खोकणे, जिन्यावरची पावले, दाराखालची फट आणि धन्याचा खाली आलेला हात यांना चौकटीच्या मध्यभागी स्थान मिळते. माणसाच्या चित्रपटात जे पार्श्वभूमीला असते ते पुढे येते आणि जे पुढे असते ते मागे जाते.

या उलथापालथीतून एक दारुण वस्तुस्थिती स्पष्ट होते. पाळीव कुत्र्याचे सारे विश्व एका माणसाभोवती रचलेले असते आणि त्या माणसाच्या जीवनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याला सांगण्याची सोय नसते. टॉड मरणार आहे हे फोनच्या पलीकडच्या बहिणीला कळते. पायाशी बसलेल्या इंडीला ते तसे कळू शकत नाही. पण काहीतरी बिघडले आहे हे त्याला तिच्याआधी कळलेले असते. ज्ञान एकाकडे आणि सान्निध्य दुसऱ्याकडे, ही विभागणी आजाऱ्याच्या प्रत्येक घरात असते. चित्रपटाने ती कुत्र्याच्या निमित्ताने उघडी केली. चेहरे लपविण्याची युक्ती केवळ युक्ती राहत नाही ती यामुळे. ज्याच्यावाचून आपले चालत नाही त्याच्या मनात काय आहे हे न दिसणे, ही पाळीव प्राण्याची कायमची स्थिती तिच्यामुळे प्रेक्षकाच्या वाट्याला येते.

६

कुत्र्याचे भय माणसाला आस्वाद्य कसे होते? संस्कृत साहित्यशास्त्राला या प्रश्नाचे वावडे नव्हते. पशुपक्ष्यांच्या ठायी वर्णिलेल्या शृंगाराला विश्वनाथाने रसाभास म्हटले, हे खरे. परंतु रसप्रक्रियेचे विवरण करताना अभिनवगुप्ताने भयानकाच्या संदर्भात जे उदाहरण घेतले ते माणसाचे नाही. दुष्यन्ताच्या रथापुढे मान वळवून मागे पाहत धावणाऱ्या ‘शाकुन्तला’तील हरिणाचे ते आहे. हे अमुक एक हरिण, हा अमुक एक राजा, हा अमुक काळ, ही सारी विशेषे गळून पडतात आणि देशकालाने न बांधलेले भय तेवढे सहृदयाच्या प्रतीतीला येते, असा त्याचा आशय आहे. साधारणीकरणाच्या सिद्धान्ताच्या ऐन कळीच्या ठिकाणी एक भ्यालेला प्राणी उभा आहे, ही गोष्ट लक्षणीय होय. पशूचे भय समजण्यासाठी पशू व्हावे लागत नाही, इतके तरी त्यातून निष्पन्न होते.

मात्र साधारणीकरणाने प्रश्नाचा अर्धाच भाग सुटतो. भय सर्वसाधारण झाले की ते कुत्र्याचे उरत नाही. मग कुत्रा नायक असण्याचे प्रयोजन काय? येथे मराठी समीक्षेतील एका जुन्या कल्पनेचा आधार घ्यावासा वाटतो. न. चिं. केळकर यांनी १९२१ सालच्या बडोदे येथील साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची उपपत्ती मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेशी तादात्म्य पावतो, पण त्याच वेळी स्वतःची भूमिका सोडीत नाही. या दुहेरी अवस्थेत वाङ्मयाचा आनंद आहे, असे तिचे सार सांगता येईल. या उपपत्तीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. परंतु प्रस्तुत प्रकारच्या चित्रपटाला ती चपखल लागू पडते. इंडी रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून पाहतो तेव्हा आपण त्याच्याबरोबर पाहतो. आणि त्याच क्षणी, त्याला जे ठाऊक नाही ते, म्हणजे टॉडच्या छातीत काय चालले आहे ते, आपणांस ठाऊक असते. करुणा उत्पन्न होते ती या दोन जाणिवांच्या मधल्या जागेत. प्रेक्षक पुरता कुत्रा झाला तर ती जागा नाहीशी होईल आणि तो पुरता माणूसच राहिला तर ती निर्माणच होणार नाही.

या कसोटीने पाहता चित्रपटातील दोषही नेमके दाखविता येतात. मृत्यूला त्याने चिखलाने माखलेल्या मानवाकृतीचे रूप दिले आहे. माणसाच्या भयकथेत ते शोभले असते. कुत्र्याच्या विश्वातील अनिष्ट मनुष्यरूपानेच का यावे, याचे उत्तर मिळत नाही. धन्याच्या श्वासाची बदललेली लय हे त्याहून अधिक भयकारक आणि अधिक सुसंगत आलंबन होते. ते चित्रपटाच्या हाताशी असूनही त्यावर पुरता विश्वास ठेवलेला नाही. दुसरे असे की, चित्रपटातील काळोख हा माणसाचा काळोख आहे. मंद प्रकाशात ज्याला आपल्याहून चांगले दिसते, त्याला आपण आपल्या आंधळेपणाने घाबरवीत आहोत, ही विसंगती ठिकठिकाणी जाणवते. या दोन्ही जागी अवधान सुटले आणि माणसाचा भाव कुत्र्यावर लादला गेला.

७

शेवटी एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. इंडी खरोखर भ्यालेला नव्हता. आपण भयपटात आहोत हे त्याला ठाऊक नव्हते. १९२०च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह याने एका नटाची निर्विकार मुद्रा निरनिराळ्या दृश्यांना जोडून दाखविली. प्रेक्षकांना तीत कधी भूक दिसली, कधी शोक. इंडीची भीतीही याच जातीची आहे. कुत्र्याची मुद्रा, त्यानंतर रिकामा कोपरा, त्यानंतर पुन्हा मुद्रा : एवढ्यावर भय उभे राहते. मग हा सारा प्रकार एका मुक्या प्राण्याच्या तोंडी आपले शब्द घालण्याचाच नव्हे काय?

भावाच्या बाबतीत हा आक्षेप मान्य करावा लागतो. गोदारने २०१४ सालच्या ‘आद्यू ओ लांगाज’ (अर्थात ‘भाषेला निरोप’) या त्रिमितीय चित्रपटात तो टाळण्याचा एक मार्ग दाखविला. त्यातील रॉक्सी हा कुत्रा गोदारच्या घरचाच. तो पाण्याकाठी, रानात हिंडतो. त्याला कोणतेही कथानक चिकटविलेले नाही. त्याच्या मुद्रेवर भाव लादला जात नाही, पण त्यामुळे तो पुष्कळसा दूरही राहतो. चित्रपटातील माणसे एकमेकांशी भांडत असताना भाषेबाहेरचे एक जीवन शेजारी चालू आहे, एवढेच तो सुचवितो. अधिक प्रामाणिक, परंतु अधिक थंड असा हा मार्ग आहे.

तथापि अवधानाच्या बाबतीत आक्षेप टिकत नाही, असे आम्हांस वाटते. हेपवर्थचा ब्लेअर, गोदारचा रॉक्सी आणि लिऑनबर्गचा इंडी हे तिघेही चित्रपटकर्त्याच्या घरचे कुत्रे आहेत, हा योगायोग मानता येणार नाही. शिकवून तयार केलेला प्राणी कसब दाखवू शकतो. इतका दीर्घकाळ लक्ष देणे हे केवळ सहवासातून येते. इंडीची भीती उसनी आहे, पण त्याचे पाहणे उसने नाही. पडद्यावर तो जेव्हा मान उचलून, कान टवकारून पाहतो, तेव्हा तो खरोखरच कोणाकडे तरी पाहत असतो आणि तो कोणीतरी बहुधा त्याचा खराखुरा धनी असावा. ‘कुत्र्याच्या नजरेतून जग’ या शब्दांखाली पाळीव कुत्र्याविषयीच्या चित्रपटात आपणांस अखेर जे मिळते ते म्हणजे आपल्याकडे रोखलेली एक नजर.

त्याच्या उलट बाजू पाहावयाची असल्यास एलिझाबेथ लो हिचा २०२० सालचा ‘स्ट्रे’ पाहावा. इस्तंबूलच्या रस्त्यांवरील झेतिन नावाच्या कुत्रीमागून तिच्याच उंचीवरून चालणाऱ्या त्या वार्तापटात नजर कोणा एका माणसावर खिळत नाही. ती रहदारीवर, कचऱ्यावर, निर्वासित मुलांवर आणि दुसऱ्या कुत्र्यांवर फिरत राहते. त्यामुळे त्यात शहर दिसते. पाळीव कुत्र्याच्या चित्रपटात शहर दिसत नाही. एक माणूस दिसतो, आणि तोही गुडघ्यापर्यंत.

या मर्यादेतच त्याचे सामर्थ्य आहे. पाळीव प्राण्याचे अवधान आपण दररोज घेतो आणि त्याचा हिशेब कधी मांडीत नाही. दाराशी ताटकळणारा कुत्रा आपल्या दिवसातील क्षुल्लक तपशील असतो; त्याच्या दिवसातील आपण मात्र तपशील नसतो. ही विषमता पडद्यावर मोजून दाखविणे चित्रपटाला शक्य आहे, आणि त्यासाठी कुत्र्याचे डोळे मिळवावे लागत नाहीत. त्याच्याइतके वेळ, त्याच्या जागी, त्या मिटलेल्या दारासमोर कॅमेऱ्याने बसून राहिले पाहिजे. ‘गुड बॉय’ जेथे असा बसून राहतो तेथे तो चांगल्या चित्रपटांच्या पंक्तीस जातो, आणि जेथे त्याला धीर निघत नाही तेथे तो एक बरा भयपट उरतो.